गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

कुशाबा तावडे यांच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांचं खरं दुखणं चाळीत तेव्हा एकट्या मला ठाऊक होतं. त्यामुळे दुसरं कुणी लिहील अशी सोय नाही. लिहिताना मी स्वतःला सोडणार नाही असं ठरवलं आहे, पण माणूस स्वतःच्या बाबतीत किती पक्षपाती असतो ते मला माझ्यावरूनच कळलं आहे. तेव्हा थोडं कमी-जास्त झालं तर वाचणाऱ्याने आपल्या अकलेने भर घालावी.

आमची पेडणेकर चाळ करी रोडला, पुलापासून चालत पाच मिनिटांवर. तळमजला धरून तीन मजले, चौतीस खोल्या. कुशाकाका चौदाव्या वर्षी कणकवलीकडच्या गावातून चुलत्याकडे इथे आले ते इथलेच झाले. आधी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपात मिल गेली, तेव्हा फोर्टात एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं वरखाली करत राहिले. त्या इमारतीला चौदा मजले होते. माणूस लिफ्टमध्ये शिरला की काका न विचारता त्याचं बटण दाबायचे. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसालासुद्धा म्हणायचे, "नववा ना साहेब? मागच्या खेपेक चष्मा नव्हता तुमका." मी कॉलेजात असताना एकदा त्यांच्याबरोबर दिवसभर त्या लिफ्टमध्ये काढला आणि संध्याकाळी मला माझ्या स्वतःच्या स्मरणशक्तीची कीव आली.

पण चाळीला त्यांचं कौतुक होतं ते गाऱ्हाण्यासाठी. कोकणातला माणूस देवापुढे नुसता नमस्कार करून थांबत नाही, तो सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगणं करतो आणि प्रत्येक वाक्यावर बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. चाळीच्या गणपतीपुढे पहिल्या दिवशी एकदा आणि विसर्जनाला मूर्ती उचलण्याआधी एकदा, असं काका वर्षातून दोनदा गाऱ्हाणं घालायचे. इतर ठिकाणी हे काम घाऊक होतं, सगळ्यांचं भलं कर म्हटलं की झालं. आमच्याकडे काका डोळे मिटून मनातल्या मनात गॅलरीतून चालायचे आणि एकेका दाराशी थांबायचे. अकरा नंबरच्या पोराची बारावी आहे, सोळा नंबरच्या म्हातारीचा गुडघा, सव्वीस नंबरवाल्यांचं गावच्या घराचं भांडण. चौतीस खोल्या, चौतीस अडचणी, हातात चिठ्ठी नाही. माणसं तासभर उभी राहायची ती आपलं दार येईपर्यंत, आणि आपलं दार येऊन गेलं की सुटल्यासारखी पाय मोकळे करायची. नाव आलं म्हणजे देवापर्यंत पोचलं, असा साधा हिशेब होता. मीही नास्तिक असल्याचा आव आणून माझा सात नंबर येईपर्यंत कान टवकारूनच असायचो.

दोन वर्षांपूर्वी काकांना लघवीचा त्रास सुरू झाला. मी एका विमा कंपनीत क्लेमच्या विभागात आहे, हॉस्पिटलच्या फाइली वाचणं हा माझा धंदा. म्हणून ते माझ्याकडे आले. आले म्हणजे गॅलरीच्या टोकाला मला गाठून, आजूबाजूला बघून, कागद माझ्या हातात कोंबून गेले. कागद मी वाचला. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडाच्या एका जागी पोचलेला. काकू जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा गौतम बदलापूरला. मी म्हटलं, त्याला फोन करतो.

"गौतमाक सांगू नको," काका म्हणाले. "ह्या काय मुलाक सांगूचा दुखणा आसा?"

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी त्यांना घेऊन परळच्या एका हॉस्पिटलात जायला लागलो. पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन, पंधरा मिनिटांचं काम. गाठीला पुरुषी हार्मोनचं खाद्य लागतं, ते या इंजेक्शनने शरीरात बनायचंच थांबतं, गाठ उपाशी राहते. औषध लागू पडलं. रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा भराभर खाली आला. पण काकांच्या अंगाची मधूनच लाही व्हायची, मान घामाने निथळायची, छाती हुळहुळायची आणि कधी कधी काही कारण नसताना डोळ्यांना पाणी यायचं.

"तुझी काकी चाळिशीच्या पुढे पंख्याखाली बसान पदरान वारा घेय," एकदा टॅक्सीत ते मला म्हणाले. "मी तिका हसय. आता ता माझ्यार इला." मग थोड्या वेळाने, "अभय, चाळीत ह्या कोणाक कळता नये. मी बायलमाणूस झालंय म्हणतीत."

मी त्यांना शपथेवर सांगितलं की कुणाला कळणार नाही. तो शब्द मी पाळला. मी पाळलेला तो एकमेव शब्द, आणि तोच पाळायला नको होता.

वर्षभरानंतर नावं जायला लागली. आधी मला वाटलं, वय झालं, सत्तरी आली, चालायचंच. पण काकांना मिलमधल्या साच्यांचे नंबर पाठ होते, संपाच्या वेळी कोण कुठे गेला ते पाठ होतं, आणि समोरच्या खोलीत नुकत्याच आलेल्या सुनेचं नाव मात्र दर चार दिवसांनी नव्याने विचारावं लागे. काल ऐकलेलं आज टिकत नव्हतं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंसमोर तेच म्हणाले, "नाव जिभेर येता आणि परत जाता. आणि नवीन काय डोक्यात बसतच नाय."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत असायच्या, पण त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, हे हार्मोन फक्त खालीच काम करतं असं नाही. मेंदूत नवीन आठवण जिथे तयार होते तिथेही त्याला काम असतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ना, ते निरोप नीट पोचायला त्याची मदत होते. आम्ही ते जवळजवळ शून्यावर आणून ठेवलंय. त्यामुळे काही लोकांना नावं, याद्या, नवीन पाठांतर हे जड जातं. सगळ्यांना होतं असं नाही. अभ्यास झालेत, त्यांच्यातही एकमत नाही. झोप, काळजी, वय, हे सगळंही त्यात येतं. औषध मात्र सोडू नका. लिहून ठेवत जा, रोज चालत जा, आणि घरच्यांना सांगा, म्हणजे ते समजून घेतील."

"घरच्यांना सांगा," मी बाहेर आल्यावर म्हणालो.

"लिहून ठेवतंय," काका म्हणाले. तीन सूचनांपैकी त्यांनी सोयीची उचलली. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर त्यांनी चौतीस खोल्या मांडल्या आणि गणपतीच्या आधी महिनाभर सकाळी चहाबरोबर त्या घोकायला लागले. शाळा सहावीत सुटलेला माणूस सत्तराव्या वर्षी पाढे म्हणावेत तसं घोकत होता. मी जाऊन त्यांची परीक्षा घ्यायचो. सोमवारी चौतीसपैकी एकतीस यायची, मंगळवारी सव्वीस. मी म्हटलं, कागद हातात धरा, कोण काय म्हणणार आहे?

"गाराणा कागदावरसून वाचतत? ता काय नोटीस आसा?"

आता बावीस नंबर. तिथे सुभद्रामावशी राणे राहतात. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी अनुजा, तिचं लग्न होऊन माझगावात दिलेली. मावशी भायखळ्याच्या एका शाळेत शिपाई होत्या. स्वभावाने सरळ, म्हणजे आमच्यासारख्यांना गैरसोयीच्या. चाळ पाडून टॉवर बांधायचा विषय चार वर्षं चालू होता आणि मी त्या कमिटीचा सेक्रेटरी होतो. बिल्डरला पुढे कोर्टकचेरी नको होती, म्हणून त्याला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. तेहतीस झाल्या होत्या. मावशी सही करत नव्हत्या. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "कितक्या वर्सांनी परत येवचा, ता लिवलेलो कागद दाखव, मगे सही करतंय." आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक चाळ पाडून अकरा वर्षं झाली होती, तिथे अजून पत्रे उभे आहेत. मावशी रोज त्या पत्र्यांवरून बाजारात जायच्या. कागद माझ्याकडे नव्हता. बिल्डर तो देत नव्हता आणि मी तो नेटाने मागतही नव्हतो. मला तेविसाव्या मजल्यावरची खिडकी दिसायला लागली होती. प्रश्न बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो, हे मला त्या वर्षी कळलं.

गणेश चतुर्थीच्या सकाळी मावशी काकांकडे आल्या तेव्हा मी तिथेच होतो. अनुजा सातव्या महिन्यात माहेरी आली होती. आधी दोनदा गेलं होतं, एकदा तिसऱ्यात, एकदा पाचव्यात. मावशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, अनुजाचा नाव नीट घेवा हां. माझा काय नको. तिच्यासाठी तेवढा सांगा." काकांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. मावशी गेल्यावर त्यांनी कॅलेंडरच्या पानावर बावीसपुढे अनुजा असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुपारी आरती झाली. काका पुढे झाले. तळमजला सुरेख पार पडला, पहिला मजलाही. दुसऱ्या मजल्यावर एकवीस नंबर झाला आणि ते थांबले. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. मानेवरून घाम उतरताना दिसत होता, कान लाल झाले होते. लाही आली होती. मिटलेल्या पापण्या हलत होत्या. सगळे वाट बघत होते. मला बावीस माहीत होतं, अनुजा माहीत होतं, त्या दोन रेघाही माहीत होत्या. नुसतं कुजबुजलो असतो तरी भागलं असतं. पण गाऱ्हाणं घालणाऱ्याला मधे टोकायचं नाही असा रिवाज आहे, आणि त्या क्षणी मला रिवाजाचं फार प्रेम आलं. काकांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "बा म्हाराजा, तेवीस नंबरच्या खोलयेत..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मागे मावशी नारळ घेऊन उभ्या होत्या. अनुजाला खुर्ची दिली होती. गाऱ्हाणं संपलं तेव्हा मावशींनी नारळ देवापुढे ठेवला, मुलीच्या खांद्याला धरलं आणि प्रसादाला न थांबता जिना चढून गेल्या.

आमच्या लोकांना असा प्रसंग कळायला वेळ लागत नाही, फक्त चुकीचा कळतो. कुशाबा तावडे नाव विसरेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चाळीस वर्षं न चुकलेला माणूस, तो विसरेल कसा? तेव्हा नाव गाळलं ते मुद्दाम, आणि का गाळलं ते उघड होतं. रुपाली, माझ्या कमिटीतली, तीस नंबरची, प्रसाद वाटता वाटता माझ्या कानाशी म्हणाली, "काकांनी बरोबर दाखवलं तिला. जी चाळीत नाय, ती गाऱ्हाण्यात पण नाय." मी हसलो. होय, हसलो.

संध्याकाळी काकांनी मला बोलावून घेतलं. "लोक माका शाबासकी कसली देतत? मी कोणाक इसारलंय?"

मी सांगितलं. ते खाटेवर बसले आणि त्यांनी कॅलेंडरच्या त्या पानावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं.

मी म्हटलं, आत्ता जाऊन मावशींना सांगू. खरं सांगतो, हे मी म्हटलं होतं. पहिल्या संध्याकाळपुरता मी माणूस होतो.

"काय सांगतलंस?" काका म्हणाले. "सुई घेतंय म्हणान इसारलंय? खयची सुई, कित्या घेतंस, सगळा इचारतीत. नको. दुष्ट म्हणले तरी चलात. दुष्ट माणसाक लोक घाबारतत तरी." मग म्हणाले, "पण तिच्या चेडवाचा, अनुजाचा नाव रवला रे, अभय."

चाळीत कुणी कुणाला वाळीत टाकत नाही, ते दिवस गेले. आता फक्त विसरतात. आरतीचं ताट गॅलरीतून फिरायचं ते बावीसवरून पुढे जायचं. मावशींनी पाठवलेले मोदक रुपालीने "आमच्याकडे आज कुणी गोड खात नाही" म्हणून परत केले. गौरीच्या हळदीकुंकवाला दुसरा मजला अख्खा जमला, बावीसचं दार उघडं असताना. दारासमोरच्या गॅलरीत अनुजा खुर्ची टाकून बसायची, तर तिच्याशी गप्पा मारणाऱ्या बायका दोनच्या जागी एक आणि मग एकही नाही. मी रोज कमिटीच्या कामाला रुपालीकडे वर जाताना त्या दारावरून जायचो आणि मोबाइल कानाला लावून जायचो. पलीकडे कुणी नसायचं.

चौथ्या दिवशी काकांनी मला पुन्हा खोलीत बोलावलं. त्यांनी धोतर नेसलं होतं, हातात काठी होती. "चल. तिका सांगया. माका घास गिळवत नाय."

तोपर्यंत माझ्या डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला होता. रुपालीने सकाळीच सांगितलं होतं, बावीस नंबर हलायला लागलाय, दोन दिवस थांब. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि मी खाली उभा राहून लाकडं गोळा करत होतो. मी काकांना म्हणालो, "सणासुदीत कशाला काका? उगाच चाळीत चर्चा होईल तुमच्या दुखण्याची. विसर्जन होऊ दे, मग शांतपणे सांगू." दुखण्याची चर्चा, हे शब्द मी मुद्दाम वापरले. ते कुठे लागतात ते मला ठाऊक होतं. काका परत खाटेवर बसले. काठी हातातच राहिली.

आठव्या दिवशी सुभद्रामावशींनी मला हाक मारली. मी सात नंबरवर जाऊन फाइल घेऊन आलो, म्हणजे हाक कशासाठी ते न सांगता मला कळलं होतं. अनुजा आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशींनी चष्मा लावला, मी बोट ठेवलं त्या तीन जागी सावकाश सही केली. परत कधी येणार त्या कागदाचं त्यांनी विचारलं नाही. पेन मिटून माझ्या हातात देताना म्हणाल्या, "आता तरी भाऊजींका सांग, विसर्जनाक माझ्या अनुजाचा नाव घेवा म्हणान."

मी म्हटलं, "सांगतो मावशी."

त्यांनी टॉवरसाठी सही केली नव्हती. मुलीचं नाव देवाच्या कानावर पडावं म्हणून आपलं घर लिहून दिलं होतं, तेही अशा माणसाकडून विकत घेतल्यासारखं जो त्यांच्यावर कधी रागावलेलाच नव्हता. अनुजा पुढे कार्तिकात बाळंत झाली, मुलगी, दोघी धडधाकट, हे इथेच सांगतो, कारण त्याचं श्रेय या गोष्टीतल्या कुणाकडेच जात नाही आणि माझ्याकडे तर नाहीच. त्या दिवशी मी जिना उतरताना फाइल पोटाशी धरली होती. रुपालीने पेढा दिला. मी तो खाल्ला. काकांना मी सहीचं सांगितलं नाही. नाव घ्या, एवढंच सांगितलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते सांगायची काय गरज होती.

अनंत चतुर्दशीला दुपारी ढोलवाले गल्लीत येऊन थांबले होते. काका पुढे झाले. हातात कागद होता. चाळीने कुशाबा तावड्यांच्या हातात कागद पहिल्यांदाच पाहिला, त्यामुळे जरा कुजबुज झाली. त्यांनी तो उघडला, बघितला, परत घडी करून खिशात घातला आणि डोळे मिटले.

"बा गणपती म्हाराजा, धा दिस ह्या लेकरांनी तुझी येडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला माकला असात, ता पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चूक माझी झाली हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे सवयीने म्हणाले.

"पयल्या दिसाक बावीस नंबरची खोली माझ्या तोंडातसून सुटली. मी मुद्दाम केलंय नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," म्हणताना निम्मे आवाज अडखळले.

"तुझ्या ह्या लेकराक, कुशाबाक, लघवीच्या जागेर कॅन्सर झालो हा. तीन म्हयन्यांनी पोटात सुई घेतंय. तेच्यान पुरुषाचा जा काय आसता ता सगळा आटता. आणि तेच्याबरोबर डोक्यातली नावा पन आटतत. डाक्टरीण म्हणता, ह्या सुईनच होता. माका ह्या सांगूक लाज वाटली. म्हणान मी गप रवलंय, आणि माझ्या लाजेची शिक्षा सुभद्रान खाल्ली म्हाराजा."

कुणी काही म्हणालं नाही. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही, त्यामुळे काका डोळे मिटून, हात जोडून थांबून राहिले. त्यांच्या मानेवरून पुन्हा घाम उतरत होता. पुरुषमंडळी जमिनीकडे बघत होती. रुपालीने तोंडाला पदर लावला. मीही त्यांच्यातच होतो. मग मागून एका बाईचा आवाज आला, एकटाच, नेहमीच्या उंचीवर.

"व्हय म्हाराजा."

सुभद्रामावशी होत्या. काकांनी श्वास सोडला.

"तिच्या चेडवाची, अनुजाची, सुखान सुटका कर. दोनदा रिकामी परत इली, ह्या खेपेक ओटी भरान जावंदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आता सगळी चाळ म्हणाली. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे मला माझं मलाच ऐकू आलं.

पुढच्या खोल्यांत काका दोनदा अडले. एकदा मागून कुणीतरी "एकतीस, काका" म्हणालं, आणि दुसऱ्यांदा अकरा नंबरच्या पोराने स्वतःच स्वतःची अडचण सांगितली. टोकायचं नाही हा रिवाज त्या दिवशी मोडला, देवाचं काही बिघडलं नाही. मूर्ती उचलली तेव्हा तीन-चार जण काकांना हात द्यायला धावले. मोबाइलवरून कुणीतरी गौतमला कळवलंही होतं.

मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी गेली. मी मागे राहिलो होतो, कारण पुढे जायला चेहरा नव्हता. मावशी अनुजाला वर पोचवून खाली आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"त्यांका हॉस्पिटलात कोण घेवन जाय?"

"मी," मी म्हणालो.

"म्हणजे तुका पयल्या दिसापासून ठावक होता."

मी इथे खरं बोलू शकलो असतो. भोवती कुणी नव्हतं, ढोल लांब गेले होते, आणि काकांनी नुकतंच अख्ख्या चाळीसमोर करून दाखवलं होतं की खरं बोलल्याने माणूस मरत नाही. मी म्हणालो, "मावशी, त्या गडबडीत तुम्हाला सांगायचं विसरलो."

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत.

"तू पन सुया घेतंस काय रे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मिरवणुकीमागे चालायला लागल्या.

माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. त्या सहीची तारीख, वार, वेळ, मावशींनी मिटून दिलेलं पेन, सगळं मला पाठ आहे. फाइल माझ्या घरी कपाटात होती, कुणी बघितली नव्हती, सहीचा कागद काढून मावशींना परत देणं दोन मिनिटांचं काम होतं. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मी ती घेऊन वरळीला बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीने सह्या मोजल्या, चौतीस भरल्या, आणि पोचपावतीवर शिक्का मारण्याआधी विचारलं, "सगळ्यांनी राजीखुशीने केल्यात ना?"

मी हो म्हटलं.